साठीनंतर जुनी जीप उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. नोकरीची पहिली बारा वर्षं कालव्यांच्या कच्च्या रस्त्यांवर पेट्रोल जीपमधून फिरण्यात गेली. एकसष्टाव्या वर्षी १९६८ सालची महिंद्रा सीजे ३बी घेतली आणि ती रस्त्यावर आणायला साडेचार वर्षं लागली. तेव्हापासून माझ्या वयाच्या मंडळींचे फोन आणि निरोप येत असतात. कुणाच्या गोठ्यात वडिलांची जीप उभी असते, कुणी लिलावात घेऊन ठेवलेली असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळे मांडून ठेवतोय. खाली नुसतं ‘जीप’ म्हटलंय तिथे पेट्रोलची सीजे ३बी समजावी.

१. माझं वय सहासष्ट आहे. या वयात हे काम झेपेल का?

झेपतं, पण कामाची पद्धत बदलावी लागते. विशीतले फिटर गिअरबॉक्स छातीवर घेऊन उतरवताना मी पाहिलेत. आपण ते करायचं नाही. इंजिनाचं वजन दीडशे किलोच्या वर जातं, त्यामुळे चेन ब्लॉक (साखळीनं वजन उचलणारी कप्पी) लागतो आणि तो टांगायला भक्कम आडवी तुळई लागते. पत्र्याच्या शेडच्या अँगलला तो कधीही टांगू नका.

माझा नेम असा होता: सकाळी दोन तास, तेही शक्यतो बसून. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, व्हील सिलिंडर ही कामं टेबलावर चांगल्या उजेडात होतात आणि आपल्या वयाच्या संथ हाताला ती शोभतात. गाडीखाली आडवं पडून करायची कामं रविवारसाठी ठेवायचो. त्या दिवशी एक तरुण फिटर मदतीला यायचा. हर्निया, पाठ किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पेसमेकरसाठी प्रश्न १९ पाहा.

२. कोणती जीप घ्यावी? लष्करी विलीज चांगली की महिंद्रा?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू १९४१ ते १९४५ या काळातल्या. बॉनेट बुटकं, पुढच्या जाळीला नऊ फटी, मागे उघडणारं फळकं नाही. अस्सल नग मिळणं कठीण, आणि भाग जमवत फिरण्यात आपली वर्षं जातात.

महिंद्रानं स्वातंत्र्यानंतरच्या काळात माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे ३बी आपल्या देशातच बनू लागली. हिचं बॉनेट उंच असतं, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच आहे. २१९९ सीसीच्या या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. अमेरिकेत ३बीचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे त्यानंतरही ती बरीच वर्षं बनत राहिली. म्हणून भाग मिळतात, आणि हिच्यावर हात चाललेले मिस्त्री अजून आहेत. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यानं हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. नंतरच्या डिझेल जीप कणखर आहेत, पण त्या वेगळ्या गाड्या. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकायचा विचार असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

३. जीप बघायला जाताना काय काय तपासू?

रंग बघू नका, चासिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा बघा. हातोडीनं हलके ठोके देत जा. घट्ट लोखंड टणटण वाजतं, सडलेलं भद्द वाजतं. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) शॅकल, म्हणजे हलते जोड, जिथे बसतात तो भाग आणि आडव्या क्रॉसमेंबरची टोकं जास्त सडतात. कोकणातली गाडी असेल तर हे दोनदा बघा. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पत्रा सडलेला असला तरी फार घाबरू नका. जीपचा पत्रा बहुतांशी सपाट आहे, चांगला टिंकर तो नव्यानं करून देतो.

त्यानंतर चासिसवरचा आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी अंकन्‌अंक जुळवा. जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, चहा पिऊन परत या.

४. वडिलांच्या नावावरची जीप आहे, ते जाऊन वीस वर्षं झाली. कागद धड नाहीत. काय करता येईल?

नियमाप्रमाणे मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे नोंद करून घ्यायची असते. वेळ टळली म्हणून दार बंद होत नाही. विलंबाचा दंड, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. भाऊ-बहिणींची संमती गाडी गंजलेली असतानाच घ्या. रंग चढल्यावर घरात वेगळंच बोलणं निघतं, हे मी दोन घरांत पाहिलंय.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मधला थकलेला काळ, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचं शुल्क यांचा हिशेब आरटीओतून आधी काढून घ्या. जुन्या गाड्यांची शुल्कं अलीकडे बरीच वाढली आहेत. बुक हरवलंच असेल आणि गाडी पन्नास वर्षांवरची असेल, तर प्रश्न १७ मधला मार्गही विचारून बघा.

५. सगळी जीप एकदम खोलून एकेक भाग साफ करत गेलो तर काम पक्कं होईल ना?

नका करू. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

पूर्ण खोललेली जीप पंचवीस-तीस पेट्यांमध्ये जाते. पहिल्या महिन्यात प्रत्येक बोल्ट कुठला ते पाठ असतं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन येतं, मुलीकडे बाळंतपण येतं, पावसाळा येतो. सहा महिन्यांनी शेडमध्ये गेलं की पेट्या आपल्याला ओळखत नाहीत. अशा चार जीप मी पाहिल्या. त्यातल्या दोन जीपचे मालक आता नाहीत. त्यांच्या मुलांनी मला बोलावलं तेव्हा हेड माळ्यावर, कार्ब्युरेटर बिस्किटांच्या डब्यात आणि चासिस अंगणात जांभळीखाली होती. मुलांना काहीच ठाऊक नव्हतं, सगळं वडिलांच्या डोक्यात होतं. त्यातली एक शेवटी किलोवर गेली.

म्हणून एका वेळी एकच काम उघडायचं. ब्रेक उघडले तर ब्रेक पूर्ण बसवल्याशिवाय स्टिअरिंगला पाना लावायचा नाही. दर दोन-तीन महिन्यांनी गाडी स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर यायला हवी, मग ती ढकलत आणावी लागली तरी चालेल. बाहेर ऊन लागलं की आपल्यालाही हुरूप येतो आणि घरच्यांनाही वाटतं की हे काम चाललंय.

चासिसच तडकली असेल, तर मात्र बॉडी उतरवावीच लागते. तेव्हाही इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल अखंड ठेवा आणि प्रत्येक बोल्ट मोकळा झाल्या झाल्या त्याच्याच भोकात हातानं परत लावा. ही सवय मला एका जुन्या हेड फिटरनं लावली. पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांबद्दल प्रश्न २१ मध्ये लिहिलंय.

६. मग सुरुवात कुठून करू? इंजिन चालू करून बघायची फार घाई झालीय.

ब्रेकपासून. चालू होणारी पण न थांबणारी जीप घरात ठेवणं धोक्याचं आहे.

या जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली असतो आणि चारही चाकांना मिळून एकच लाइन जाते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी पाइप एकदमच करायचे. सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा. खड्डे लागले तर नुसते वॉशर बदलून उपयोग नाही, तो सिलिंडर बदला किंवा आत स्लीव्ह (नवी नळी) टाकून घ्या. धातूच्या नळ्या गंजलेल्या असल्या तर त्याही नव्या. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल घाला आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो. शूवरची धूळ उडवू नका, कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

एक बारकावा: बऱ्याच जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पाना लावून जोर करत बसलात आणि नट हलत नसेल, तर आधी आटे बघा. माझ्या ओळखीच्या एकानं या नादात तीन स्टड मोडले.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे पॅडलवर सौ. बसली. मी मागच्या डाव्या चाकाशी, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मी म्हणायचो, दाब. ती म्हणायची, दाबलंय. मी निपल अर्धा फेरा सैल करायचो, बुडबुडे यायचे, निपल आवळून म्हणायचो, सोड. पहिल्या दिवशी तासभर बुडबुडे थांबेनात. दुसऱ्या दिवशी कधीतरी ती म्हणाली, “अहो, आता पाय खाली जात नाही. दगडासारखं लागतंय.” साडेचार वर्षांतला माझ्या लेखी सगळ्यात मोठा क्षण तो. इंजिन पुढे आठ महिन्यांनी चालू झालं.

७. हँडब्रेक ओढला होता, तरी मागचं चाक उचलल्यावर जीप जॅकवरून घसरली. असं कसं?

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर एक ड्रम असतो, त्याला तो पकडतो. मागचं एक चाक अधांतरी झालं की डिफरन्शिअलमुळे (दोन बाजूंना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकू शकतं. शाफ्ट थांबलेला असला तरी गाडी चालते. गिअरमध्ये ठेवूनही हेच होतं. शाफ्टच काढलेला असेल तर हँडब्रेक आहे असं समजूच नका.

माझी जीप अशीच घसरली. नशिबानं मी पाना आणायला उठलो होतो. तेव्हापासून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, चासिसखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड), आणि काढलेलं चाक आडवं करून चासिसखाली सरकवलेलं, एवढं झाल्याशिवाय मी खाली वाकत नाही. विटांवर गाडी ठेवू नका, वीट न सांगता फुटते.

८. इंजिन पंधरा वर्षं बंद आहे. बॅटरी लावून स्टार्टर मारू का?

नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल समभाग ओता आणि आठवडाभर राहू द्या. मग क्रँक पुलीला पाना लावून हळूच दोन्हीकडे हलवून बघा. हललं तर थोडं थोडं वाढवत पूर्ण फेरा घ्या. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल, पुन्हा आठवडा. माझं इंजिन तिसऱ्या आठवड्यात सुटलं.

ते मोकळं झाल्यावर बाजूचं झाकण काढून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर-खाली होतात का पाहा. बंद इंजिनात तेच अडकतात. ऑइलचा संप उतरवून तळाचा गाळ खरवडून काढा. पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, प्लगचं ०.०३० इंच, फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं फेका. पहिल्यांदा चालू करताना बाटलीतून ताजं पेट्रोल द्या आणि ऑइल प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवा. काटा उठला नाही तर लगेच बंद.

रिबोर करायची (सिलिंडर आतून कापून मोठे करायची) वेळ आली तर पिस्टन आधी विकत घ्या, हातात घेऊन मोजा आणि ब्लॉकसोबत द्या. मी ब्लॉक आधी दिला. वर्कशॉपनं अंदाजानं बोअर मोठा केला, त्या मापाचे पिस्टन बाजारात सापडेनात आणि शेवटी स्लीव्ह टाकाव्या लागल्या. पाच महिने त्यात गेले.

९. हँडल मारून चालू करायची हौस आहे. करू का?

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे गेलेलं असेल तर हँडल उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. साठीनंतर हाड लवकर जुळत नाही. तरीही मारायचंच असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा वळवून धरू नका. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली कधी दाबायचं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये हवी.

१०. ऑइल कोणतं घालू?

इंजिनाला साधं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसला ९० नंबरचं, पण जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ देतो आणि म्हणतो की हे त्याहून भारी. गिअरबॉक्सातल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर आवाज न करता जुळवणाऱ्या कड्यांना) त्यातली रसायनं बाधू शकतात. पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलला मात्र जीएल-५च घाला.

पहिला गिअर सिंक्रोचा नसतो. गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकायचा. कर्रकर्र आवाज आला तर तो ऑइलचा दोष नसतो.

११. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या इंजिनाला चालेल का?

चालतं, पण तयारी करावी लागते. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा मऊ करतं, त्यामुळे पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं आणि टाकी आतून गंजते. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं धरलेला चिकट थरही सुटून येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर दोन-तीनदा बदलावा लागतो. मिश्रण थोडं पातळ होत असल्यानं इंजिन दम खात असेल, तर मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघून घ्या.

महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. टाकी सीटखाली आहे. तिथल्या गळतीचा वास अजिबात अंगावर काढू नका, आणि जवळ वेल्डिंग करायचं असेल तर टाकी गाडीतून बाहेर काढा.

१२. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करू का?

आधी तुमची गाडी खरंच सहाची आहे का ते बघा. बॅटरीला तीन कप्पे असतील तर सहा, सहा कप्पे असतील तर बारा. वायरिंग आणि अर्थिंग स्वच्छ असेल तर सहा व्होल्टवरही जीप सकाळी पहिल्या झटक्याला चालू होते. रात्री चालवणार असाल तर बारा करा. बल्ब, कॉइल, हॉर्न, डायनामो आणि त्याचं चार्जिंग सांभाळणारा कटआउट हे सगळं बदलावं लागतं. पेट्रोलच्या काट्याला रेझिस्टर लागतो.

१३. चाळीसच्या वर गेलं की स्टिअरिंग भयानक थरथरतं. नवीन स्टिअरिंग बॉक्स टाकू का?

बॉक्स सगळ्यात शेवटी. आधी पुढची चाकं उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनची) बेअरिंग सैल आहेत. किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून ती आवळतात. मग टाय रॉडची टोकं, मग क्रॉसमेंबरवरची बेल क्रँक, म्हणजे स्टिअरिंगची ओढ टाय रॉडकडे वळवणारा फिरता जोड. बेल क्रँकची पिन आणि बुश बहुतेक जीपमध्ये झिजलेले सापडतात, त्याकडे कुणी बघत नाही. सोबत पाट्यांचे बुश आणि टायरचं बॅलन्सिंग. माझ्या गाडीत हे सगळं थोडं थोडं होतं. बॉक्स जुनाच आहे आणि हात आता स्थिर राहतो.

१४. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून फिरलो, आता लिव्हर निघत नाही. काय बिघडलं?

काही बिघडलेलं नाही. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. सरळ रेषेत थोडं मागे घ्या किंवा एक चाक मातीत उतरवा, लिव्हर सुटेल. चिखल, वाळू, ओली चढण एवढ्यासाठीच फोर बाय फोर. पावसाळ्यात शेताच्या बांधावर लो रेंज (संथ, जास्त ताकदीचा गिअर) टाकून ही जीप चढताना पाहिली की कालव्यावरचे दिवस आठवतात.

१५. पेट्रोल परवडत नाही. डिझेल इंजिन टाकलं तर?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनानं बदल करू देत नाही. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेपलीकडचे बदल चालणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघते. आणि विंटेज नोंदणीचा रस्ता जवळपास बंद होतो.

गाडी आधीच डिझेल केलेली मिळाली असेल, तर आरसी बुकात तसा शेरा आहे का ते बघा. शेरा असेल तर चालवा. नसेल तर मूळ इंजिन शोधण्याचा खर्च धरूनच भाव करा. माझं मन म्हणाल तर हरिकेनचा तो संथ, गोल आवाज गेला की जीपमधलं बरंच काही जातं. वर्षाला आपण किती किलोमीटर फिरणार?

१६. मिलिटरी हिरवा रंग द्यायचाय. चालेल ना?

चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२१ आहे. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुमची जीप एकेकाळी लष्करातली असली तरी आज ती तुमची आहे, त्यामुळे तिलाही मनाई आहे.

रंग निवडण्याआधी डॅशबोर्डच्या मागे किंवा टाकीखालच्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा घासा. थर एकेक करून दिसतात. माझ्या जीपला वरून लाल, खाली पांढरा, त्याखाली निळा, आणि सगळ्यात खाली फिकट राखाडी निघाला. तोच राखाडी मी दिला. आरसी बुकातला रंग वेगळा असेल तर नोंद बदलून घ्या.

१७. विंटेज नंबर घ्यावा का? काय फायदा?

२०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २० भरायचा, सोबत विमा आणि जुनं बुक. राज्याची समिती गाडी तपासते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं.

पण अट नीट वाचा. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणून माझा सल्ला असा: साधी नोंदणी जिवंत असेल आणि तुम्हाला शेतावर, पन्हाळ्यावर, नातवंडांना घेऊन फिरायचं असेल, तर साधीच ठेवा आणि वेळच्या वेळी नूतनीकरण करा. मी तेच केलंय. गाडी फक्त जपायची असेल तर विंटेज घ्या. जुन्या गाडीला नवीन सुरक्षा नंबर प्लेटही लागते, ते विसरू नका.

१८. सुटे भाग कुठे मिळतील?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली, जिथे जीपवरच पोट भरणारा बाजार आहे. जुना भाग सोबत घेऊन जा. फोनवर सगळेच ‘बसेल’ म्हणतात.

न मिळणारा भाग करून घ्यायचा असेल तर आमच्या कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. बेल क्रँकची पिन, बुश, शॅकल, मोडलेल्या दात्यांचा गिअर असं काहीही नमुना दिला तर तिथले टर्नर करून देतात. लेथवर बसलेला माणूस शिकलेला किती हे विचारू नका, मायक्रोमीटर कसा धरतो ते बघा.

१९. मला पेसमेकर आहे. शिवाय दमाही. काही खास काळजी?

दोन्हीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. चालू इंजिनाच्या कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर पेसमेकर असलेल्यानं वाकू नये, किमान हातभर अंतर ठेवावं. टायमिंग दुसऱ्यानं लावावं. इलेक्ट्रिक वेल्डिंग स्वतः करू नये, चालू असताना लांब थांबावं.

धुळीचं सगळ्यांनाच सांगतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही गास्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर कंप्रेसरनं फुंकर मारायची गॅरेजची पद्धत आहे, ती आपल्या शेडमध्ये होऊ देऊ नका. पाण्यानं भिजवा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासाई ओलीच करा आणि चांगला मास्क लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हातमोजे घाला. पत्र्याची धार लागली की रक्त लवकर थांबत नाही.

२०. गाडी तयार होईपर्यंत माझं लायसन्स संपेल. या वयात नवीन मिळेल का?

पंचावन्नच्या पुढे लायसन्सचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि फॉर्म १ए वर डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जीप शेडमध्ये असतानाही तारीख जपा. आणि तयार झाल्यावर पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात चालवा. ब्रेकला बूस्टर नाही, पायावर खरा जोर द्यावा लागतो. माझ्या गुडघ्याला ते कळायला आठवडा लागला.

२१. काम अर्धवट असताना माझं काही झालं तर? घरच्यांना यातलं काहीच कळत नाही.

हा प्रश्न लोक शेवटी, आवाज उतरवून विचारतात. मला तो पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

एक वही ठेवा. रोज काय उघडलं, काय बसवलं, कुठला भाग कुणाकडे टाकलाय आणि किती पैसे दिलेत, चार ओळी. पेट्यांवर कागदाची चिठ्ठी नको, उंदीर खातात. पत्र्याच्या तुकड्यावर ऑइल पेंटनं लिहून तारेनं बांधा. ‘पुढचा उजवा हब, बेअरिंग नवीन, सील आणायचं आहे’ असं पूर्ण वाक्य. नुसतं ‘हब’ लिहिलेलं वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. खोलण्याआधीचे फोटो मुलांच्या फोनवरही पाठवून ठेवा.

२०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, ते घाला. मालकी बदलायची पद्धत प्रश्न ४ मध्ये आहेच.

आणि घरातल्या कुणाला तरी एखादं काम आता शिकवा. आमच्याकडे नात बारावीत आहे. पॉइंटचं अंतर तीच लावते, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) तिच्या दप्तराच्या कप्प्यात असतो. वहीत मे महिन्यापासूनची पानं तिच्या अक्षरात आहेत. परवाची नोंद अशी: ‘मागचा डावा व्हील सिलिंडर पुन्हा ओला. आजोबांना सांगितलं. रविवारी उघडायचा.’